वाढत्या प्रवाहावर शंका घेणारे कुलथे सर

डॉ. रंगनाथ कुलथे सरांना मी प्रथम भेटले ते नगरच्या महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. मी कोपरगावहून पीएच.डी.साठी आले होते. सरांनी माझे गुणपत्रक बाजूला ठेवले आणि एक बीकर धुऊन दाखवायला सांगितले. मी तो तीनदा धुतला.

"अजून दोनदा," सर म्हणाले.

इथेनॉलसारख्या लहान रेणूंच्या अल्कोहोलांचे विद्युत-रासायनिक ऑक्सिडीकरण हा सरांचा आयुष्यभराचा विषय. साखर कारखान्याच्या मळीपासून इथेनॉल होते. ते न जाळता धातूच्या उत्प्रेरकावर त्याचे ऑक्सिडीकरण करून थेट वीज मिळवायची. प्लॅटिनमवर हे बऱ्यापैकी साधते, पण तो धातू महाग. म्हणून मी निकेलवर काम करीत होते.

दुसऱ्या वर्षी माझ्या निकेलने भरघोस प्रवाह दिला. आमचा शोधनिबंध छापून आला, विभागात पेढे वाटले गेले. पुढे एकदा आलेख चाळताना सर थबकले.

"उत्प्रेरक वापराने थकतो. तुझा रोज तरतरीत कसा होतोय?"

त्यांनी निकेलचा नवा तुकडा घ्यायला लावला आणि मंडल पूर्ण करण्यासाठी द्रावणात समोर दुसरा इलेक्ट्रोड म्हणून लावलेली प्लॅटिनमची तार काढून ग्रॅफाइटची कांडी बसवली. प्रवाह कोसळला. तारेतले प्लॅटिनम विरघळून निकेलवर बसत होते; काम त्याचे आणि नाव निकेलचे होत होते.

हे बाहेर कुणाच्याही लक्षात आले नव्हते. सरांनी त्याच दुपारी शोधनिबंध मागे घेत असल्याचे संपादकांना कळवले. माझा प्रबंध लांबणीवर पडला. मी रडले. खरे सांगायचे तर मला सरांचा रागही आला.

घरी माझ्या लग्नाची घाई चालली होती. सर एसटीने आमच्या वस्तीवर आले.

वडिलांनी विचारले, "पोरीनं काही चूक केली व्हय, सर?"

"चूक माझी. तार मी दिली होती. तिनं मोजलं ते बरोबरच मोजलं."

"मग अजून किती दिस?"

"दोन वर्षं. पण त्यानंतर तिचं काम कुणाला खोडता येणार नाही."

वडिलांनी उसावरून नजर फिरवली. मग म्हणाले, "थांबतो आमी."

नव्या मांडणीत प्रवाह थोडाच मिळाला. तेवढाच प्रबंधात लिहिला आणि तो मान्य झाला. आज मी हाच विषय शिकवते.

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. गुडघे दुखतात, तरी माझ्या विद्यार्थ्यांचे आलेख ते मागवून घेतात आणि समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्हे काढून परत पाठवतात. सरांची प्रकृती ठणठणीत राहो आणि त्या प्रश्नचिन्हांना उत्तरे देण्याची वेळ आमच्यावर अजून पुष्कळ वर्षे येवो.