मामांनी नापास केलेली वेबसाइट

माझ्या मामेसासऱ्यांचा पूर्ण विश्वास बसेल अशी एकही वस्तू या जगात अजून तयार व्हायची आहे. पिथमपूरच्या एका कारखान्यात ते माल तपासणी खात्यात होते. आलेला प्रत्येक सुटा भाग उजेडाला धरायचा, उलटा करून पाहायचा आणि शक्यतो परत पाठवायचा, हे काम त्यांनी निवृत्तीपर्यंत निष्ठेने केलं, आणि मग धारच्या घरी येऊन साऱ्या जगाला तेच खातं लागू केलं. पाण्याची बाटली विकत घेतली की झाकण कानाशी धरून उघडतात; 'कट्' असा आवाज आला नाही तर बाटली परत. तयार शर्ट आणला की सगळी बटणं उसवून घरच्या दोऱ्याने पुन्हा लावतात. सत्यनारायणाला गुरुजी पोथी वाचत असताना हे शेजारी दुसरी पोथी उघडून बसतात, आणि एकदा गुरुजींनी दोन पानं एकदम उलटली तेव्हा पूजा तिथल्या तिथे थांबली होती. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची बाकीची मंडळी पोहे खाऊन समाधानाने घरी गेली. हे मात्र दुसऱ्या दिवशी देवासला माझ्या ऑफिसात गिऱ्हाईक बनून आले, वेबसाइट कशी बनवतात ते तासभर समजून घेतलं, आणि उठता उठता सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही तंबाखू खाता का?"

त्यातून त्यांचा खास राग तयार साच्यांवर. याचं मूळ त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत आहे. छापखानेवाल्याकडे पत्रिकेचा मजकूर तयार होता, फक्त नावं बदलायची. त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचे आजोबा तसेच राहून गेले. पत्रिका वाटून झाल्यावर लोक विचारू लागले, हे विनीत कोण? दुसरा कोणी असता तर छापखानेवाल्याशी भांडून मोकळा झाला असता. मामा चौकशी करत सरदारपूरपर्यंत गेले, ते आजोबा शोधून काढले आणि त्यांना रीतसर अक्षत देऊन आले. नाव छापलंय तर माणूस हजर पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आजोबा आलेही. सगळ्यात पुढच्या खुर्चीवर बसले आणि जाताना वधूवरांना आशीर्वाद देऊन गेले.

अशा माणसाला मी एक तयार वेबसाइट दाखवायला निघालो होतो. मुलं नोकरीपायी लांब गेल्यावर मामींनी दिवाळीच्या फराळाचं काम सुरू केलं होतं. चिवडा, चकली, अनारसे; चिवडा तर वर्षभर. धार, देवास, इंदूरची मराठी घरं त्यांच्याकडूनच मागवत. यंदा फोनवर एवढ्या ऑर्डरी लिहून घेणं मामींना झेपेना, म्हणून त्यांनीच मला सांगितलं की काहीतरी सोपं करून द्या. मी एक बरा टेम्प्लेट निवडला, वर मामींचं नाव टाकलं, आणि मामा देवासच्या बसने तपासणीला आले.

पहिल्याच पानावर एप्रन घातलेली एक गोरी बाई हसत उभी होती. नमुन्याचा फोटो होता तो, मला बदलायचाच होता. मामांनी चष्मा पुसला. ही कोण, तिला आपल्या स्वयंपाकघरात कोणी घेतलं, आणि ती एवढी का हसतेय, असे तीन प्रश्न त्यांनी ओळीने विचारले. मग खिशातून मोबाइल काढला. खातेगावच्या कुठल्याशा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानाची साइट त्यांनी आधीच हुडकून ठेवली होती. तीच मांडणी, तीच बटणं, तोच हिरवा पट्टा.

"जावईबापू, चिवडा आणि क्लचप्लेट एकाच तोंडवळ्याचे?" ते म्हणाले. "मापाचं शिवून द्या. देर लागली तरी चालेल."

मी समजावून पाहिलं. तयार साचा स्वस्तात आणि दोन दिवसांत होतो, बहुतेक छोट्या धंद्यांना तेवढा पुरतो, मापाचं करायला महिने जातात आणि दिवाळी काही थांबणार नाही. ते सगळं त्यांनी शांतपणे ऐकलं, आणि हा माणूस एवढ्या कळकळीने सांगतोय म्हणजे त्यात त्याचा काहीतरी फायदा असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. शेवटी मी मापाचं काम हाती घेतलं. ते दर आठवड्याला नापास होऊ लागलं. पडद्यावरचा चिवडा खऱ्यापेक्षा पिवळा दिसतो म्हणून त्यांनी रंग जुळवायला घरच्या हळदीची पुडी पाठवली. चकलीचं चित्र उलट्या दिशेने वळलेलं निघालं. मामी फोनवर सुस्कारा टाकून म्हणायच्या, "होऊ द्या त्यांच्या मनासारखं."

मग त्यांची नजर 'ग्राहक काय म्हणतात' या भागावर पडली. तिथे नमुन्यातला मजकूर मी मराठी करून तात्पुरता ठेवला होता: 'अप्रतिम चव! आमच्या घरी दुसरा फराळ चालतच नाही. – सुनीता, समाधानी ग्राहक.' ही सुनीता कुठली, त्यांनी विचारलं. कुठलीच नाही, मी म्हणालो, जागा भरायला आहे.

"म्हणजे जी बाई नाही, तिने चिवडा खाल्ला, असं तुम्ही लोकांना सांगणार."

खऱ्या माणसांची खरी मतं मी आणतो, बरी-वाईट जशी असतील तशी लावायची, असं बजावून ते गेले. धामनोदला हायवेवर एक ढाबेवाला मामींचा चिवडा गल्ल्यावर ठेवतो, त्याच्यापासून सुरुवात करणार होते.

आठवड्याभराने आले तेव्हा त्यांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, मापाचं राहू द्या, ते तयार आहे ना, तेच लावून टाका. मला धक्काच बसला. लोकांच्या मतांचं काय, मी विचारलं.

"ती सुनीता असू दे."

आता संशय घ्यायची पाळी माझी होती. मी त्यांना खाली चहाच्या टपरीवर नेलं. तिथे ते हळूहळू सांगू लागले. ढाबेवाला आधी काही बोलायलाच तयार नव्हता. खोदून विचारल्यावर म्हणाला, भिया, माताजी की तबियत तो ठीक है? गणपतीपासून चिवडा कधी खारट येतो, कधी अळणी. मामा आणखी चार घरी गेले. सगळ्यांनी तेच सांगितलं, आणि सगळ्यांनी तो तसाच खाल्ला होता, मामींना वाईट वाटू नये म्हणून.

पावसाळ्यात मामींना ताप येऊन गेला होता. प्रत्येक घाण्यातली पहिली वाटी देवाची, म्हणून करताना काही चाखायचं नाही, ही त्यांच्या माहेरची रीत; जन्मभर त्या वासावरून मीठ ओळखत आल्या, आणि तापानंतर तो वासच गेला, हे मामांनी आता ताडलं होतं. रक्तदाब वाढल्यापासून मामांचं मीठ आणि तळण बंद, त्यामुळे घरात हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

"मामींना ठाऊक आहे?" मी विचारलं.

"ठाऊक असेल तर मला सांगत नाहीये. ठाऊक नसेल तर मी सांगणार नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "कळलं तर ती कढईच उतरवून ठेवेल, जावईबापू. मुलं गेली तेव्हापासून ती या कामावर उभी आहे."

दोन दिवसांत साइट सुरू झाली. गोरी बाई गेली, सुनीता राहिली. ऑर्डरी आल्या, भरपूर आल्या.

धनत्रयोदशीच्या आधी मामींचा फोन आला. सुरुवातीला साइटचं कौतुक झालं, मग त्या मूळ तक्रारीवर आल्या. म्हणाल्या, तुमच्या मामांचं काही खरं नाही. इतकी वर्षं जगावर संशय घेतला, आता माझ्यावर घेताहेत. प्रत्येक घाणा उतरला की आधी देवापुढे वाटी ठेवतात आणि मग चिमूटभर तोंडात टाकतात, डॉक्टरांनी बजावलेलं असताना. आणि मग मास्तरांसारखे उभे राहून सांगतात, अजून अर्धा चमचा मीठ, याला पुरे, याला थोडी साखर. यांना काय कळतं त्यातलं?

"तुम्ही ऐकता का त्यांचं?" मी विचारलं.

मामींच्या मागे कढईत काहीतरी तडतडत होतं.

"ऐकते," त्या म्हणाल्या. "तेवढंच त्यांना बरं वाटतं."