टायरचा देव आणि आमचा टाक

इतिहासाचं पुस्तक हातात आलं की त्यात काळं काय केलंय ते आधी बघायचं, ही सवय मला सौदी अरेबियातल्या हाइलमध्ये लागली. आमच्या भारतीय शाळेत पुस्तकं दिल्लीहून यायची आणि वर्गात पोचेपर्यंत कुणीतरी जाड मार्करने त्यातले सगळे देव पुसून टाकलेले असायचे. ग्रीसच्या धड्यात देवळाचे खांब शिल्लक, आत काळा चौकोन. रोमच्या धड्यात सम्राट शिल्लक, तो ज्याच्यापुढे उभा तो गायब. मी पुण्याहून प्राचीन इतिहासात एम.ए. करून आलेली बाई. देव वगळून ग्रीस-रोम शिकवायचं म्हणजे मीठ वगळून लोणचं घालायचं! त्या लोकांत देव आणि राजकारण वेगळं होतंच कुठे? शहराचा देव म्हणजे शहराचा पुढारीही आणि पहारेकरीही. आम्ही बळी देतो, तू तट सांभाळ, असा रोखठोक व्यवहार. रोमचे सेनापती तर वेढा घातला की शत्रूच्याच देवाला बाहेरून हाक मारायचे, की बाबा रे, आमच्याकडे ये, याहून मोठं देऊळ बांधून देतो. हे पुस्तकात नसायचं. मी तोंडी सांगायचे, दार लावून.

त्या वर्षी इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि बघता बघता आमच्या रस्त्यावरून गव्हाच्या ट्रकांऐवजी तोफांचे ट्रक उत्तरेला जायला लागले. दोन्हीकडचे रेडिओ एकाच देवाचं नाव घेऊन एकमेकांना शिव्या घालत होते. मुलांचं लक्ष कशातच लागेना. मग एक दिवस मी पुस्तक मिटलं आणि टायरची गोष्ट सांगितली. लेबनॉनच्या किनाऱ्यासमोर बेटावर वसलेलं श्रीमंत, व्यापारी शहर. मॅसिडोनियाचा तो तरुण जगज्जेता दारात येऊन म्हणाला, तुमच्या देवाची पूजा करायचीय, आत घ्या. शहरवाले काही दुधखुळे नव्हते. पूजेला आलेलं सैन्य परत जात नसतं. ते म्हणाले, किनाऱ्यावर त्याच देवाचं जुनं देऊळ आहे, तिथे करा की! झालं, वेढा पडला. समुद्रात भराव पडत पडत तटाशी यायला लागला, आणि गावातला एक माणूस सांगत सुटला की मला स्वप्न पडलं, गावातला दुसरा देव, अपोलो, गाव सोडून चाललाय. लोकांची पाचावर धारण बसली. त्यांनी देवळात जाऊन अपोलोच्या मूर्तीला सोन्याच्या साखळीने बांधून टाकलं.

"मिस, दे अरेस्टेड गॉड?" माझीच मुलगी ओरडली. वर्गात ती मला मिस म्हणायची.

सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले. म्हटलं, अरेस्ट कसली, पासपोर्ट काढून घेतला म्हणा. कारण तो अपोलो मुळात तिथला नव्हताच, सिसिलीतून लुटून आणलेला. आणि संकट आलं की पहिला संशय परक्यावर. पासपोर्टचा विनोद त्या पोरांना लगेच कळला, कारण प्रत्येकाच्या बापाचा पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या मालकाच्या, कपाटात होता. शेवटी शहर पडलं, हे सांगताना मात्र कुणी हसलं नाही. हजारो माणसं गुलाम म्हणून विकली गेली. आणि देवाची साखळी कुणी सोडली? जिंकलेल्या राजानेच, मोठ्या थाटात, हा तर आमच्याच बाजूचा होता असं म्हणत.

हिवाळ्यात नवऱ्याच्या नावाने हुकूम आला. तो सरकारी इस्पितळात सर्जन होता. सरहद्दीजवळच्या इस्पितळात माणसं कमी पडत होती, तिथे निघा. नाही म्हणायची सोयच नव्हती. पासपोर्ट इस्पितळाकडे, देश सोडायला परवानगी लागायची तीही त्यांच्याचकडून. "राजे तुमचे, तेल तुमचं, आणि माणसं शिवायला माझा नवरा?" असं मी चांगलं खडसावून विचारलं, पण मराठीत आणि स्वयंपाकघरात.

त्याच्याबरोबर अँब्युलन्स घेऊन गेला तो वरच्या मजल्यावरच्या भाभीचा नवरा. भाभी रत्नागिरीच्या खाडीकाठची. मी तिला भाभी म्हणायचे, ती मला वैनी. हाइलमध्ये मनसोक्त मराठीत भांडता येईल अशी ती एकुलती एक बाई. पाच वेळच्या नमाजाची, तोंडाने फटकळ, आणि मासे मिळत नाहीत म्हणून त्या अख्ख्या वाळवंटावर रागावलेली. दोघं निघाले तेव्हा तिने नवऱ्याला बजावलं, "डॉक्टरांना सोडून येशील तर दार नाय उघडणार." तो हसला आणि गाडीत बसला.

सासूबाईंचा फोन आला. "देव पाण्यात ठेव," एवढंच म्हणाल्या.

आमच्याकडे देव म्हणजे चांदीचा एक टाक. पातळ पत्र्यावर उठवलेला, घोड्यावर बसलेला खंडोबा. सासूबाईंनी तो डिंकाच्या लाडवात दडवून माझ्याबरोबर पाठवला होता, आणि विमानतळावर डबा उघडला तो क्षण मी विसरलेले नाही. घरात तो मसाल्याच्या डब्यामागे असायचा. मी नास्तिक नव्हते, पण हे पाण्यात बुडवणं मला कधीच पटलेलं नव्हतं. म्हणजे काय, देवाला वेठीला धरायचं? माझं काम कर, मगच तुला कोरडं करते? हे तर शुद्ध टायरचं राजकारण झालं. असं सगळं मी सासूबाईंना सुनावणार होते. सुनावलं नाही. झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, पाणी भरलं, टाक आत सोडला आणि म्हटलं, ह्यांना सुखरूप आण. तोवर बाहेर काढणार नाही.

मुलगी दारात उभी होती. "मम्मा, ये तो टायरवालों जैसा है ना?"

"चूप बस," मी म्हटलं.

मग लढाई सुरू झाली. शाळा बंद. विषारी वायूच्या भीतीने खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्ट्या. नळ कधी बंद होतील, पाण्यात काय मिसळेल, काही सांगता येत नव्हतं, म्हणून सगळ्या बिल्डिंगने हाताला लागेल ते भांडं भरून ठेवलं. बाथटब, बादल्या, पातेली, कुकर. माझ्या ओट्यावर वाटी ठेवायला जागा नव्हती. एक दिवस वरच्या मजल्याचं पाणी गेलं. मी नवऱ्याची काही खबर मिळते का बघायला इस्पितळात निघाले होते; भाभीला किल्ली दिली आणि म्हटलं, लागतील तेवढी भांडी ने.

दुपारी परत आले तर स्टीलचा डबा नव्हता.

घरात मूर्ती सापडली तर काय होतं त्याच्या कहाण्या आम्ही सगळ्यांनी ऐकल्या होत्या, खऱ्या-खोट्या देव जाणे. पण खरं सांगू? मला त्या क्षणी पोलीस आठवले नाहीत, नोकरी आठवली नाही. मला एवढंच वाटलं की कुणीतरी पाणी ओतून देईल, टाक बाहेर पडेल, आणि तिकडे ह्यांचं काहीतरी होईल. एम.ए. झालेली बाई! जिना चढताना मी स्वतःलाच शिव्या घालत होते.

भाभीने दार उघडलं, मला आत ओढलं आणि कडी घातली. डबा फ्रिजवर होता, झाकणासकट.

"चहाला पाणी घ्यायला गेले नि झाकण काढलं, तर घोडा," ती म्हणाली. "मी हात नाय लावला गो वैनी. घाबरू नको."

मी डबा उचलायला गेले. तिने मला थांबवलं.

"तुझ्याकडे खिडक्या तपासायला इस्पितळाची माणसं येतात. कपाटंपण उघडतात. इथेच राहू दे. माझ्या घरात हे कोण शोधणार?"

"तुला चालेल?"

"नाय चालत," ती फाडकन म्हणाली. "गुन्हा आहे हा माझ्यासाठी. अल्लाला काय सांगायचं ते मी सांगेन. पण आमच्या गावात तांडेलाची बायको असाच ठेवायची देव, होडी परत येईस्तोवर. त्या होडीवर माझा चुलता असायचा. माझी आजी त्या बाईला रोज विचारायची, पाणी आहे ना गो त्यात?" मग हळूच विचारलं, "यात माझ्या माणसाचं नाव घातलंयस काय?"

मग तिच्याच स्वयंपाकघरात, फ्रिजसमोर उभं राहून, मी मोठ्याने तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं. ह्यांनाही आण आणि त्यालाही आण. भाभीने मान फिरवली होती, पण ऐकत होती.

त्यानंतर मी रोज वर जायचे. ती नमाज पढायची तेव्हा फ्रिजकडे पाठ येईल अशी चटई घालायची. तिने डब्यात हात कधीच घातला नाही; पाणी कमी झालंसं वाटलं की वरून धार सोडायची, बस. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "भाभी, माझा देव तुझ्याकडे माहेरपणाला आलाय." "माहेरपण कसलं," ती म्हणाली, "थंडीत कुडकुडतोय बिचारा." हाइलची ती थंडी. सकाळी नळाखाली बोटं बधिर व्हायची. त्या दिवसांत आम्ही हसलो असू तर तेवढंच. उरलेला वेळ रेडिओला कान लावून बसायचं, आणि कुठे क्षेपणास्त्र पडलं म्हणाले की एकमेकींकडे बघायचं नाही.

लढाई थांबली. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजले, कुणी मिठाई वाटली. आमच्या बिल्डिंगमध्ये इस्पितळाची गाडी आली ती त्यानंतर. माझा नवरा उतरला. एकटाच. गालफडं बसलेली, दाढी पांढरी. मी जिन्यातूनच धावले, आणि त्याने माझ्याकडे न बघता वर बघितलं, तिच्या खिडकीकडे. तेव्हाच मला कळलं.

भाभीचा नवरा क्षेपणास्त्राने गेला नव्हता. तेलविहिरींच्या धुराने भर दिवसा अंधार झालेला, दिवे लावायची बंदी, आणि समोरून लष्कराचा ट्रक. "त्या फेरीला मी त्याच्याबरोबर नव्हतो," नवरा म्हणाला. "माझ्याकडे आणला तेव्हा जिवंत होता. माझ्या टेबलावर गेला." त्याला तिकडेच पुरलं होतं, वाळूत, नावाच्या दगडाशिवाय, तिथल्या रीतीप्रमाणे.

भाभी इद्दतला बसली. घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. माझा नवरा तिच्या दाराबाहेर जिन्यात उभा राहिला. काय बोलणार होता कोण जाणे. आतून तिचाच आवाज आला, "डॉक्टर, जेवलात काय?" तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. लग्न झाल्यापासून मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

डबा फ्रिजवर तसाच होता. मी रोज तिच्याकडे जायचे, भात लावायचे, भांडी घासायचे, पण डब्याकडे बघायचे नाही. नवस फळला होता ना माझा! काढून अभिषेक करायचा, नैवेद्य दाखवायचा. सासूबाई फोनवर रोज विचारत होत्या. मला त्या देवाचा भयंकर संताप आला होता. दोन नावं सांगितली होती तुला, मोजता येत नाहीत का? बुडून राहा म्हटलं तसाच.

एका दुपारी भाभीनेच डबा खाली घेतला आणि माझ्यासमोर ठेवला.

"काढ."

"नाही काढणार."

"का गो? तुझा आलाय ना?"

"तुझा नाही आला."

तिने बाही कोपरापर्यंत सारली, झाकण काढलं आणि हात पाण्यात घातला. इतके दिवस न शिवलेला तो टाक तिने बाहेर काढला, आपल्या पांढऱ्या ओढणीने घोडा पुसला, देवाचं तोंड पुसलं, आणि माझी मूठ उघडून त्यात ठेवला. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

"माझा माणूस माझ्या अल्लाचा होता, त्याने ठेवून घेतला," ती म्हणाली. "ह्याला कशाला शिक्षा करतेस? घरी ने ह्याला."

मी तिच्या गळ्यात पडून ओरडून रडले. रडायचं तिने होतं, आणि तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

इद्दत संपल्यावर ती गावी गेली. आम्हीही पुढे परतलो. टाक पुण्यात देव्हाऱ्यात आहे, उघडा, सगळ्यांना दिसेल असा. काही वर्षांनी नवऱ्याच्या छातीचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मुलगी स्वतःहून म्हणाली, "मम्मा, देव पाण्यात ठेवायचा?" मी नको म्हटलं. तिला वाटलं, आईचा विश्वास उडाला. तसं नाही. त्या ऑपरेशनच्या टेबलाभोवती आणखी टेबलं असतील, बाहेर आणखी बायका आपापल्या माणसाची वाट बघत बसल्या असतील. पुन्हा कुणाचं नाव त्या पाण्यात सोडायची माझी छाती झाली नाही.