किबल्याकडे वळवलेला चेहरा

ओहोटीनंतर अरबी आखातातल्या उम्म अल कुवैनच्या खाडीवरून जो खारट, किंचित कुजकट गंध येतो, तोच माझ्या आयुष्याचा गंध होऊन राहिला आहे. शेती ठाऊक नसलेल्या, मासे धरून आणि शिंपले वेचून जगलेल्या प्राचीन माणसांचा माग काढण्यात माझी उमेदीची वर्षे सरली. रोज प्रातःकाळी पहिली खुरपी टेकवण्यापूर्वी मी भूमीची क्षमा मागे, आणि मजुरांना सांगे की या अस्थी कुणाच्या तरी आप्ताच्या आहेत, त्यांना आपले माणूस समजा.

गफूरभाई रत्नागिरीकडचे, पन्नाशी उलटलेले, कंत्राटदाराच्या व्हिसावर खोदकामाला आलेले. टरफलांचा तो पुरातन ढिगारा पाहून ते म्हणाले होते, "साहेब, हे आमच्याच गावचे दिसतात. तिसऱ्या खायच्या नि टरफलं दारातच टाकायची."

त्या हिवाळ्यात, मधासारख्या कोवळ्या उन्हात, कुशीवर निजवलेला एक सांगाडा उघडा झाला. त्याचे मुख कोणत्या दिशेस, यावर माझा सिद्धान्त उभा होता. दुसऱ्या सकाळी पाहतो तो चेहरा पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेला, वळवलेला. गफूरभाई आपणहून पुढे आले.

"चुकलं, साहेब. त्याच्या मागं कुणी नाही, म्हणून तोंड किबल्याकडे केलं. तुम्हीच म्हणाला होता ना, आपलं माणूस समजा."

तक्रार गेली तर व्हिसा रद्द होईल, घरची चूल याच नोकरीवर आहे, असे त्यांनी परोपरीने विनवले. दुपारी मी अहवालात लिहिले, की गफूरभाईंनी पुरावा नष्ट केला. कंत्राटदाराचा मुकादम तो वाचून एवढेच म्हणाला, "खलास."

सायंकाळी कॅमेऱ्यातील छायाचित्रे चाळताना, आदल्या दिवशी मीच टिपलेले ते मस्तक समोर आले; मूळ स्थितीत, शेजारी होकायंत्र, निःसंदिग्ध. काहीच नष्ट झाले नव्हते. व्हिसा रद्द झालेल्या गफूरभाईंचे परतीचे विमान तिसऱ्या दिवशी होते. मधला सारा अवधी माझ्या हाती होता. परंतु दिलेला अहवाल मागे घेणे मला अशोभनीय वाटले. ते छायाचित्र पुढे माझ्या ग्रंथात छापले गेले.

निरोप घ्यायला ते आले, तेव्हा मी डोळे मिटून जपाला बसलो होतो. दाराशी ते बराच वेळ थांबले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, मग वाळूत विरत जाणारी पावले. मण्यांची मोजणी चुकली नाही, याचे त्या क्षणी मला समाधान वाटले होते. त्या समाधानाला काय नाव द्यावे, हे आज माझ्या विद्येला सांगता येत नाही.