हिरोसाठी घातलेलं गाऱ्हाणं

शूटिंगचे किस्से वाळूसारखे असतात. कितीही झटका, खिशात सापडतातच! तारकर्लीला टीव्हीच्या सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा आमची होडी भाड्याने होती. मी आणि दादा ती चालवायचो. मग दिवाळीत कसालहून येताना दादाची बाइक ट्रकखाली गेली. आता होडी मी एकटाच चालवतो, किस्सेही एकटाच सांगतो.

*

दिग्दर्शक मॅडमनी स्टोरी सांगितली. मुलीचा साखरपुडा झालाय, तरी हिरो तिच्या मागे लागतो.

आई म्हणाली, "ठरलल्या चेडवाच्या फाटी लागता, आणि तेका हिरो म्हणतत? आमच्याकडे तेका मार गावता!"

*

हिरोला होडी लागायची. किनारा सुटला की ओकारी! शेवटी त्याचा गुलाबी शर्ट दादाला घातला आणि दादा पाठमोरा वल्हवत गेला. संध्याकाळची खाडी, पाण्यावर सुरकुती नाही. आभाळ कुठे संपलं कळतच नव्हतं. दादा जणू आभाळातच वल्हं मारत होता. मॅडम 'कट' म्हणायलाच विसरल्या.

मी किनाऱ्यावरून ओरडलो, "दादा, फाटी ये रे! हिरॉइन हंयसरच रवली!"

*

साखरपुड्याच्या सीनला वाडीतल्या बायका पाहुण्या. हिरो आला की टाळ्या वाजवायच्या. एक वाजवील तर शपथ! ठरलेल्या नवऱ्याचं काम करणारा नट दुपारी आमच्याकडे जेवला होता, ताटही स्वतः धुतलं होतं.

शेजारची काकी त्या नटाकडे बोट दाखवून म्हणाली, "मॅडम, आमचा मत ह्येका!"

*

आमच्याकडे चांगल्या कामाआधी नारळ ठेवून एकजण देवाला गाऱ्हाणं घालतो, बाकीचे 'व्हय महाराजा' म्हणतात. मॅडमना ते सिनेमात हवं होतं. दादा उभा राहिला.

"ह्या हिरोक ता चेडू गावांदे रे महाराजा!"

सगळ्यांनी आईकडे बघितलं.

"अहो, 'व्हय' म्हणा ना!" मॅडम.

आई म्हणाली, "दुसऱ्याची ठरलली मागूची? देवाक काय तोंड दाखवू?"

दादाने डोकं खाजवलं. "बरा. जो तिच्या मनात आसा, तो तिका गावांदे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" माडावरचे कावळे उडाले!

दादाला जोर चढला. "आणि हंयसर इल्ली सगळी सुखरूप आपापल्या घराक पोचांदेत रे महाराजा!"

"कट!" मॅडम ओरडल्या. 'व्हय' म्हणायचं सोडून सगळे चहाकडे पळाले.

*

परवा सिनेमा लागला. 'दादा दिसतलो' म्हणून मी अख्ख्या वाडीला सांगून बसलो होतो. पण त्याचा सीनच कापला असेल तर? मॅडमना फोन लावला. "दादाक कापल्यात, तर तारकर्लीत पाय ठेवू नकात!"

त्या एवढंच म्हणाल्या, "आईला बसव."

दिवाळीपासून आई टीव्हीसमोर बसली नव्हती. तेव्हाही बसली नाही. खोबरं किसता किसता उठून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

गुलाबी शर्ट खाडीत शिरला. आमच्याकडे जमलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग शर्टवाला वळला, तर चेहरा हिरोचा. शिट्ट्या थांबल्या.

आणि मग गाऱ्हाणं. दादाचा चेहरा, पूर्ण.

"...सगळी सुखरूप आपापल्या घराक पोचांदेत रे महाराजा!"

लगेच साबणाची जाहिरात लागली.

दारातून आई म्हणाली, "व्हय महाराजा."