जुन्या ट्रकचा नवा आवाज

हायवेला लागून गॅरेजांची एक रांग होती. सुरुवातीला टायरवाला, मग सीटकव्हरवाला, मग बॅटऱ्यांचं दुकान आणि सगळ्यात शेवटी पत्र्याच्या शेडमध्ये सायलेन्सरवाला. त्याचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. रांगेतले सगळे त्याला कानसेन म्हणत. गाडी वळणावर असतानाच तो सांगायचा, ‘तिसरा सिलिंडर झोपलाय,’ नाहीतर ‘पाइप मधोमध फुटलाय.’ दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं. दहाव्या वेळी गाडीच चुकलेली असते, असं टायरवाला म्हणे.

सत्तावन्न वर्षांच्या आयुष्यातली पस्तीस त्याने गाड्यांच्या पोटाखाली काढली होती. लोक लांबून यायचे ते नुसता फुटका पाइप सांधून घ्यायला नव्हे, तर गाडीला आवाज काढून घ्यायला. समजावून सांगताना तो रंगात यायचा. “पाइप बारीक घातला की गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकते. फार जाड घातला तर घागरीत तोंड घालून बोलल्यासारखी पोकळ वाटते. सायलेन्सरचा डबा मोठा बसवला तर कुजबुजते, आणि डबाच काढून टाकला तर सात घरांतली तान्ही पोरं उठतात. या सगळ्यातून मधली वाट काढायची, ती कानाने. दुसरं यंत्र नाही त्याला.”

ग्राइंडर चालवताना त्याने कधी कानात बोळे घातले नव्हते. “कान झाकले तर खायचं कशावर?” असं तो हसून म्हणायचा.

गेल्या तीन वर्षांत मात्र काही गोष्टी घडत होत्या. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे बायको विचारायची आणि तो अंदाजाने “तीन” म्हणायचा. खिशातला फोन वाजलेला कळायचा नाही. बायको स्वयंपाकघरातून बोलली की त्याला नुसता सूर ऐकू यायचा, शब्द नाहीत. इंजिनाची घरघर, पाइपाची घुमघुम हे सगळं अजून स्वच्छ ऐकू येत होतं, म्हणून त्याने स्वतःची समजूत घालून ठेवली होती. बारीकसारीक आवाज नाही आले तर काय बिघडतं? कान शाबूत आहेत, लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

अशात एका सकाळी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपला ट्रक घेऊन आल्या. ट्रक कसला, चाळीस वर्षांचा डोंगरी गडी होता तो. चारही चाकांना ओढ असलेला, पेट्रोलवर चालणारा, पुढे दोन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. त्यांच्या वडिलांचा होता. वडील सरकारी मोजणीदार होते. याच ट्रकमधून साखळ्या आणि खुंट्या घेऊन त्यांनी डोंगर मोजले होते. आता मुलगी त्यातून गाई-म्हशींच्या गोठ्यांवर जायची आणि म्हातारा हट्टाने शेजारी बसायचा.

“मागच्या मेकॅनिकने कुठल्यातरी छोट्या कारचा सायलेन्सर बसवलाय,” बाई म्हणाल्या. “तेव्हापासून नुसती खोकते. बाबा म्हणतात, माझ्या ट्रकचा आवाज गेला.”

म्हातारा खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “पूर्वी कसा घुमायचा हो! डोंगर उत्तर द्यायचा.”

कानसेनला असं गिऱ्हाईक मिळालं की चेव चढायचा. त्याने तो बारीक डबा कापून टाकला, जाड पाइप घातला, आरपार नळीचा आखूड डबा बसवला. मूळचा पाइप पार शेपटापर्यंत जायचा. याने तो मागच्या चाकाच्या अलीकडेच बाजूला काढला. तोंड जवळ आलं की आवाज ताजा राहतो, लांबवर नेला की शिळा होतो, हे त्याचं आवडतं वाक्य. एकच अडचण होती. इंजिनाकडून येणारा जुना पाइप आणि त्याचा नवा पाइप केबिनच्या बरोबर खाली जोडायचे होते आणि त्या जोडात धूर गळू नये म्हणून घालायची चकती, म्हणजे गॅस्केट, बाजारात नव्हतं. चार दिवसांनी येणार होतं. त्याने जुनंच पुसून परत घातलं. गळलं तर ऐकू येईलच, असा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक सुरू केला तेव्हा अख्खी रांग गोळा झाली. खरोखर दृष्ट लागावी असा आवाज होता. खाली खोल, भरदार आणि पाय दाबला की छातीत उतरणारा. म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाई मात्र मान कलती करून उभ्या होत्या. “काका, खाली काहीतरी फुसफुसतंय का? आणि मध्येच टिकटिक?”

कानसेनने ऐकलं. त्याला वेगळं काहीच ऐकू आलं नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसलं, की सीटकव्हरवाल्यानेही मान तशीच कलती केली होती. क्षणभर खाली वाकून बघावं असं त्याला वाटलं. पण समोर अख्खी रांग उभी होती आणि तिच्यात त्याचं नाव कानसेन होतं.

“बाई,” तो म्हणाला, “दिवसभर गाई-म्हशींच्या पोटाला कान लावता ना, म्हणून तुम्हाला जिथेतिथे गॅसच ऐकू येतो.”

खसखस पिकली. टायरवाला सगळ्यांत जोरात हसला. बाईंचा चेहरा उतरला. त्या स्टिअरिंगवर जाऊन बसल्या.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या परत आल्या, या वेळी एकट्या. “काका, केबिनमध्ये वास येतो. अर्धा तास चालवली की डोकं जड होतं. तो फुसफुस आवाजही आहे अजून. एकदा खाली बघता का?”

बघायचं म्हणजे पाठीवर आडवं व्हायचं, दोन मिनिटांचं काम. पण बघायला जाणं म्हणजे तुमचं बरोबर होतं असं म्हणणं. “नव्या पाइपाचा रंग जळतोय,” तो म्हणाला. “चार दिवस असा वास येणारच. आणि आवाजाचं माझ्यावर सोडा. पस्तीस वर्षं हेच करतोय.”

त्या गेल्या. त्याने हातातल्या पान्याकडे उगाच बराच वेळ पाहिलं आणि मग दुसऱ्या कामाला लागला.

आठवडा उलटायच्या आत टायरवाल्याने आपल्या टोइंगच्या गाडीने तो ट्रक ओढून आणला आणि स्वतःच्या अंगणात उभा केला. कानसेन पुढे होऊन म्हणाला, “इकडे कशाला? माझ्याकडे आण ना.”

टायरवाला दोर सोडता सोडता म्हणाला, “तुझ्याकडे नको, असं सांगितलंय बाईंनी.” मग त्याने वर न पाहताच पुढचं सांगितलं. घाटात धूळ म्हणून काचा बंद होत्या. म्हातारा पेंगतोय असं बाईंना वाटलं. हाक मारली तर ओ नाही. त्यांचंही डोकं गरगरत होतं. कशीबशी गाडी थांबवून त्यांनी वडिलांना ओढून बाहेर गवतावर आडवं केलं. “दवाखान्यात आहेत. शुद्धीवर आलेत म्हणे.”

कानसेनला हे सगळं नीट ऐकू आलं. टायरवाला हळू बोलला असूनही.

“सुरू कर जरा,” तो म्हणाला आणि ट्रकखाली सरकला.

जोडाच्या वर, केबिनच्या तळपत्र्यावर, काजळीचा एक काळा पंखा उमटला होता. हाताच्या पंजाएवढा, कडा रेखीव. त्याच्या टोकाला गियरच्या दांड्याचं फाटकं रबर होतं आणि त्यातून वर केबिनमधला उजेड दिसत होता. आंधळ्यालाही कळावं असं होतं. फक्त खाली वाकायला हवं होतं. त्याने जोडाजवळ तळहात नेला. गरम फुंकर हाताला चटका देऊन गेली. हाताला लागत होती आणि कानाला काहीच नाही.

“केवढ्याने शिट्टी मारतंय रे हे,” वरून टायरवाला म्हणाला. मग जरा थांबून, “त्या दिवशीपण ऐकू येत होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू नाही म्हणालास. मला वाटलं, कानसेन म्हणतोय म्हणजे नसेल. माझेच कान वाजत असतील.”

कानसेन ट्रकखालून लवकर बाहेर आला नाही. बाहेर त्याच्याकडे बघणारं माणूस उभं होतं.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती. पाणी बंद करून त्याच्या समोर येऊन बसली, तोंड त्याला दिसेल अशी. “तीन वर्षं ओरडून ओरडून माझा घसा बसलाय,” ती म्हणाली. “दोनदा म्हटलं कान तपासून घ्या. दोन्ही वेळा आठ दिवस अबोला धरलात. मग मी सोडून दिलं.” आणि थोड्या वेळाने, “मीही सोडायला नको होतं.”

ती दोषात वाटेकरी झाली हे त्याला जास्तच लागलं.

सकाळी तो दवाखान्यात गेला. म्हाताऱ्याच्या नाकाला नळी होती, पण उशीला टेकून बसला होता. कानसेनला बघून त्याने हात वर केला. “या या! आवाज मात्र झकास काढलात हो. अगदी पूर्वीसारखा.”

याच्यापेक्षा त्याने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. कानसेनला मान वर करता येईना. बाई खिडकीपाशी उभ्या होत्या.

“जोड गळत होता,” तो म्हणाला. “गॅस्केट जुनं घातलं होतं. तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मला… बारीक आवाज ऐकू येत नाहीत आता. दोन-तीन वर्षं झाली.”

हे तो पहिल्यांदाच उघडपणे बोलत होता. बोलता बोलताच त्याला कळलं, की हे सबबीसारखं वाटतंय.

“ऐकू येत नव्हतं, ठीक आहे,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “पण मी सांगत होते ना काका? दोनदा आले. दुसऱ्यांदा तर एकटी आले, तुम्हाला चारचौघांत कमीपणा नको म्हणून.”

 हे तर त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“तू सोड ग आता,” म्हातारा पलंगावरून म्हणाला. “ट्रक त्यांच्याकडेच दे. त्यांनी बिघडवला, त्यांनाच नीट करू दे. बाकीच्यांना काय कळतंय त्यातलं?”

“मला नाही पटत, बाबा.”

“ट्रक माझा आहे,” म्हातारा म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

ट्रक शेडमध्ये आला. त्याने बाजूचं तोंड कापून टाकलं आणि पाइप मूळच्यासारखा पार शेपटाच्याही बाहेर नेला. आवाज थोडा मऊ झाला, वर्दीतला माणूस घरच्या कपड्यांत आल्यासारखा. जोडात नवं गॅस्केट घातलं, गियरचं रबर बदललं. मग साबणाचं पाणी केलं, पाइपात हवा सोडली आणि एकेका जोडावर फेस लावून बुडबुडा येतो का ते चष्मा लावून बघितलं. हे तो शिकाऊ असताना करायचा. पुढे कमीपणाचं वाटायला लागलं म्हणून सोडलं होतं.

शेवटी ट्रक सुरू करून कोणीतरी ऐकायला हवं होतं. त्याने सीटकव्हरवाल्याला हाक मारली. “जरा येऊन ऐक रे. आज कंप्रेसरचा फार गोंगाट आहे.”

सीटकव्हरवाला आला, मागोमाग टायरवाला आणि बॅटरीवालाही. कंप्रेसर बंद होता. चौघांनाही ते दिसत होतं.

“कंप्रेसरचं नाही,” कानसेन म्हणाला. कानशिलं तापली होती. “मला ऐकू येत नाही. त्या दिवशीपण आलं नव्हतं. बाईंना हसलो ते उगाच. तुम्ही ऐका.”

टायरवाल्याने चपलेने जमीन उकरली. मग तिघेही गुपचूप ट्रकभोवती फिरले आणि कान देऊन ऐकलं. “नाही काही,” सीटकव्हरवाला म्हणाला. “स्वच्छ आहे.” बॅटरीवाला आपल्या दुकानात गेला. त्याच संध्याकाळपासून रांगेतले लोक त्याच्याशी जरा जपून बोलायला लागले. ते त्याला चेष्टेपेक्षा जड गेलं.

ट्रक न्यायला बाई आल्या तेव्हा त्याने आधी त्यांना खाली वाकून जोड बघायला लावला, मग इंजिन चालू केलं आणि विचारलं, “काय ऐकू येतं?”

त्या बराच वेळ ऐकत होत्या. “मागे कुठेतरी पत्रा थरथरतोय.”

त्याने शेपटाशी पाइप धरून ठेवणारा पट्टा आवळला. “आता?”

“आता नाही.” त्या चढून बसल्या आणि गेल्या. दिलगिरीचे जे दोन शब्द त्याने मनात घोळवून ठेवले होते ते तोंडात राहिले.

बायको त्याला कान तपासायला घेऊन गेली. बंद खोलीत त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. काचेपलीकडून तपासणाऱ्या मुलीचा खांदा हलला की ती आवाज सोडते, हे त्याने पहिल्या मिनिटात ओळखलं आणि खांदा बघून बटण दाबू लागला. सात-आठ वेळा दाबलं असेल. मग आपण काय करतोय हे त्याला उमगलं. दारापाशी बसलेली बायको त्याच्याकडेच बघत होती. त्याने डोळे मिटून घेतले. त्यानंतर बटण क्वचितच दाबलं गेलं.

कानाचं मशीन मिळालं. त्यात ग्राइंडर असह्य वाजायचा, तेव्हा तो ते काढून खिशात ठेवी आणि कानात बोळे घाली.

दोन-तीन महिन्यांनी तो पाइप घेऊन रस्ता ओलांडत होता. पलीकडे तो ट्रक उभा होता, बाई स्टिअरिंगवर, म्हातारा शेजारी. त्यांना चुकवायच्या हल्लीच्या सवयीने कानसेनने मान खाली घातली. म्हाताऱ्याने काच खाली करून काहीतरी ओरडून विचारलं. मशीन खिशात होतं. कानसेन हसला, मान डोलावली आणि दोन पावलं पुढे गेला.

मग तो थांबला. पाइप कठड्याला टेकवून ठेवला, खिशातलं मशीन कानात बसवलं आणि गाड्या चुकवत ट्रकच्या खिडकीपाशी आला.

“मला ऐकू आलं नाही, आजोबा. काय म्हणालात?”

“म्हटलं, सीट शिवून घ्यायचीये. तुमच्याकडला सीटवाला बरा आहे का?”

“बरा आहे,” कानसेन म्हणाला. “सांगतो त्याला.”

बाई समोर रस्त्याकडेच बघत होत्या. जाताना त्यांनी त्याच्या कानातल्या मशीनसाठी ॲक्सिलरेटरवर पाय जरा हलका ठेवला, की त्याला तसं वाटलं, हे काही त्याला सांगता आलं नसतं.