भास्करभाऊंच्या कॅरव्हॅनची सावली

गाडीपेक्षा गाडीचे किस्से जास्त पळतात. आमच्या भास्करभाऊंची कॅरव्हॅन सगळा उन्हाळा शहाद्यात त्यांच्या दारासमोरून हलली नाही, पण तिचे किस्से नवापूर ओलांडून सुरतेपर्यंत जाऊन आले. आता कोणीही भेटलं की "नवीन काय?" असं मलाच विचारतं. माझं मंडपाचं दुकान त्यांच्या घराला लागून आहे, एवढाच माझा गुन्हा.

*

भास्करभाऊंनी नोकरीभर सुशीलावहिनींना कुठे म्हणून फिरायला नेलं नाही. रिटायर झाल्यावर एकदम पाझर फुटला आणि त्यांनी सुरतेहून जुनी कॅरव्हॅन आणली. आत पलंग, ओटा, बेसिन, टपावर सोलर. तोरणमाळला जायचं ठरलं. अडचण एवढीच की महिना एप्रिलचा आणि गाडी पत्र्याची.

पूजा झाली. वहिनींनी आत एक पाय ठेवला आणि तसाच परत घेतला.

"हाई घर शे का भट्टी? जवलोंग थंडी होस नई, तवलोंग मी मझार बसाव नई."

गाडी गार होईपर्यंत आत बसायचं नाही, झाला बहिष्कार सुरू. दुसऱ्या दिवशी वहिनींनी गाडीच्या टपावर कुरडया वाळत घातल्या. दुपारपर्यंत खडखडीत.

"कुरडयांची तरी सावली झाली," भास्करभाऊ म्हणाले. आशावादी माणूस.

*

मग गाडी दारापुढच्याच निंबाखाली गेली. तिथे सोलर चार्ज होईना, म्हणून पंखा बंद. उन्हात आणली की पंखा जोरात, आणि तेवढ्याच जोरात गरम हवा. भाऊ दिवसभर गाडी निंबाखालून उन्हात आणि उन्हातून निंबाखाली करत बसले.

समोर रशीदभाईंचं दुकान आहे, सीट कव्हर आणि ताडपत्री शिवायचं. ते मशीन थांबवून हा सोहळा बघायचे. शेवटी म्हणाले, "भाऊ, जितनी आगे-पीछे की, उतने में तोरणमाळ आ जाता."

*

भाऊंच्या शेतात पपईच्या रोपांवर टाकलेली हिरवी नेट होती. ती काढून आणली आणि गाडीला गुंडाळली. रोपं उन्हात गेली, पण संशोधन म्हटलं की त्याग आलाच.

नेट पत्र्याला चिकटून बसली आणि पत्र्याबरोबर तापली. फरक इतकाच पडला की आत बसलेला माणूस हिरवा दिसायला लागला.

तिसऱ्या प्रहरी एक पिकअप थांबली. शेतकरी खाली उतरला, नेट चाचपून बघितली.

"रोपं कशी दिली?"

"रोपं नाहीत हो. कॅरव्हॅन आहे ही."

शेतकऱ्याने समजूतदारपणे मान हलवली. "मंग रोपं कवय येतीन?"

*

लग्नसराई संपली आणि माझे पाइप मोकळे झाले. मीच म्हटलं, गाडीवर मंडप टाकू. रशीदभाईंनी दोन पांढरी कापडं जोडून शिवली. टपाच्या वर हातभर जागा सोडून कापड ताणलं, मधून वारा खेळायला लागला. दारापुढेही कापड ओढलं आणि खुर्च्या टाकल्या. तासाभरात गाडी खरंच निवली. आम्ही तिघे डोक्यावर गमछे घेऊन मुकाट बसलो. त्या उन्हात बोलायची ताकद कोणाला होती?

दारात पांढरा मंडप, खुर्च्या, मान खाली घातलेले पुरुष. नेमके तेव्हाच वहिनींचे मोठे भाऊ, खापर गावचे आप्पा, एसटीतून चालले होते. त्यांनी खिडकीतून हे पाहिलं. पुढच्या स्टॉपला उतरून उन्हात पायी परत आले आणि भास्करभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

भाऊंना वाटलं, गाडीचं ऐकून आले असतील. ते म्हणाले, "काय सांगू आप्पा, दोन महिना भलती तापेल व्हती. आज कोठे थंडी पडनी."

आप्पांनी हंबरडा फोडला.

तो ऐकून वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. बहिणीला धडधाकट पाहून आप्पा मटकन खाली बसले. त्यांना गारव्यात आडवं करायला जागा एकच होती. वहिनींनी त्यांना धरून गाडीत नेलं, पलंगावर निजवलं, उशाशी बसून वारा घातला. आप्पा संध्याकाळी सावरून घरी गेले. वहिनी मात्र आतच बसून राहिल्या.

*

दुसऱ्या दिवसापासून दुपारी गल्लीतल्या बायका गाडीत जमायला लागल्या. आत चहा, गप्पा, हसणं. मालक बाहेर पायरीवर.

चार दिवसांनी भाऊंनी खिडकीवर चावी वाजवली. "चाल, तोरणमाळ जाऊत."

"मंडप सोडना पडी ना मंग," वहिनी आतून म्हणाल्या. "मले आठेच बरं वाटस. तुम्ही जाई या यष्टीवर."

भाऊ रागाने खरंच गेले. रशीदभाईंनी आणि मी त्यांना एसटीत बसवून दिलं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. वहिनींनी स्पीकर लावला. गाडीत गल्ली भरलेली, आम्ही दोघे दाराशी.

"आठे भलती थंडी शे," भाऊ तोरणमाळहून सांगत होते. "पण जो तो इचारस, येकलाच का, बाई कोठे शे? काय सांगू?"

वहिनींनी पलंगावर पाय पसरले.

"सांगी द्या, बाई गाडी घीसन फिराले गयी शे."