उकिरडा मावशींचा मुक्काम

उकिरडा मावशी कोणाच्याही घरी गेल्या की आधी कचऱ्याचा डबा बघायच्या. मूळच्या रत्नागिरीच्या, राहायला अलास्कात फेअरबँक्सला, आणि धंदा हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचा केरकचरा उकरण्याचा. "दिवाणखाना लोक पाहुण्यांसाठी मांडतात. खरं काय ते कचऱ्यात," असं त्यांचं म्हणणं. एकदा रेडमंडला आमच्याकडे आल्या, डब्यात डोकावल्या आणि बायकोच्या देखत मला म्हणाल्या, "तू डाएटवर ना रे? मग हे पिझ्झ्याचे काठ कोणाचे?" बायको आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होती.

उन्हाळ्यात सुट्टी काढून मी त्यांच्याकडे खणायला जायचो. डास फोडून काढायचे. मी कुरकुरलो की मावशी म्हणायच्या, "जेवू दे रे त्यांना. वर्षभर वाट बघतात बिचारे."

त्यांना एकच प्रश्न छळत होता. आम्ही खणत होतो त्या नदीकाठी ती जुनी माणसं फक्त उन्हाळ्यात मासे मारायला यायची, की तिथला भयंकर हिवाळाही काढायची? नदी काठ खात चालली होती, त्यामुळे तो उन्हाळा खणायचा शेवटचा. नंतर मावशींनी अ‍ॅशबर्नला मुलाकडे, निखिलकडे, जायचं असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"आई, त्या थंडीत एकटी काय करतेस? आमचं बेसमेंट रेडी आहे," तो फोनवर म्हणायचा.

"बेसमेंटमध्ये पुरून घेण्याआधी मला जरा खणू दे," म्हणून मावशी फोन ठेवायच्या.

शेवटच्या आठवड्यात एका खड्ड्यात माशांचे काटेच काटे निघाले. बरोबरचा अमेरिकन प्रोफेसर म्हणाला, कचऱ्याचा खड्डा. मावशी ओणव्या होऊन बराच वेळ बघत राहिल्या. त्यात माशाचं डोकं एकही नव्हतं.

"कचऱ्यात आधी डोकी पडतात. ही आगोट आहे रे," त्या मला मराठीत म्हणाल्या. कोकणात पावसाळ्याआधी सुकी मासळी भरून ठेवतात, ती आगोट. इथे हिवाळ्यासाठी भरलेली होती आणि तळाचे मासे तसेच राहून गेले होते. म्हणजे माणसं इथून हलत नव्हती.

त्याच संध्याकाळी त्यांनी निखिलला कळवलं, "मी येत नाही. इथे हिवाळा निघतो. पुरावा मिळालाय."

गेल्या फेब्रुवारीत मावशी झोपेतच गेल्या. निखिल आणि मी घर आवरायला गेलो. फ्रीझर उघडला तर सामन माशांनी गच्च भरलेला, बाहेरचा बर्फ वितळेपर्यंत सहज पुरला असता. मला मावशींची फार फार आठवण आली.

"तिने यायचं मनातसुद्धा आणलं नव्हतं ना यार?" निखिलने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

त्याने फ्रीझरमधून माशाचं एक पाकीट बाहेर काढलं. "हे कसं करतात?"

सुतकात मासे चालत नाहीत हे मला ठाऊक होतं. मी तवा तापत ठेवला.